क्लायंट बदलला, सर्व्हर तिथंच : कोल्हापुरातून पाहिलेला एका अपग्रेडचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की कोल्हापुरात दोनच प्रश्न येतात. 'हा इतिहासाचा विषय आहे होय?' आणि 'मग नोकरी कुठं लागणार?' दुसऱ्या प्रश्नाला मी हसून टाळते. पहिल्याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं, ते आज देते.

मी अभ्यासते ते छोट्या शहरांतल्या संस्थांच्या सर्व्हर रूम. म्हणजे नागरी सहकारी बँका, साखर कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली फौंड्री युनिट्स, दवाखाने, इंजिनीअरिंग कॉलेजं. यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांत संगणकाचं जे काय झालं ते लिहून ठेवायचं. आजच्या लेखात त्यातला एकच प्रोग्रॅम घेणार आहे : व्हीएमवेअर या कंपनीचा व्हीस्फिअर क्लायंट. हा वापरून सर्व्हरवर चालणारी व्हर्च्युअल मशीन सांभाळतात. या प्रोग्रॅमच्या अपग्रेडची गोष्ट ऐकलीत तर तुमच्या लक्षात येईल की चांगला चालणारा सर्व्हर एखाद्याच्या हातातून कसा निसटतो, आणि तेही सर्व्हरला काहीही न होता.

आधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते सांगते. माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. समजा, महाद्वार रोडवर एक जुना चौसोपी वाडा आहे. मालकानं आत भिंती घातल्या आणि दहा बिऱ्हाडं बसवली. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर. पण पाया एक, नळाची मुख्य लाइन एक, जिना एक. एका दणकट सर्व्हरवर असेच दहा 'संगणक' चालतात, प्रत्येकाची विंडोज किंवा लिनक्स वेगळी. भिंती घालणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरचं नाव ईएसएक्स, पुढं ईएसएक्सआय. आणि क्लायंट? तो म्हणजे दिवाणजीकडचा किल्ल्यांचा जुडगा आणि हिशेबाची वही. नवं बिऱ्हाड बसवायचं, कुणाला एक खोली वाढवून द्यायची, कुणाचं दार उघडायचं, सगळं त्यातून. दिवाणजी आजारी पडला तर भाडेकरूंना पहिले काही दिवस काही कळतही नाही. नळाला पाणी येतच असतं. अडतं ते काही बदलायची वेळ आली की.

आता प्रश्न असा. वाडा तोच, भाडेकरू तेच, पण जुडगा मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा आणि जुन्या किल्ल्या लागायच्या बंद व्हायच्या. असं का? याचं उत्तर वाड्यात शोधून मिळत नाही, आणि मला हा विषय इतिहासाचा वाटतो तो तिथंच.

जुडगा कुठून आला

एका यंत्रात अनेक यंत्रं ही कल्पना आयबीएमची, १९६०च्या दशकातली. १९७२ साली त्यांनी व्हीएम/३७० बाजारात आणलं. तेव्हा वेगळा क्लायंट नव्हता. समोर टर्मिनल असायचं, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, हे तुम्ही शाळेच्या नाही तरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलं असेलच. ते मेनफ्रेमवालं जग आपल्याकडच्या छोट्या संस्थांच्या दारापर्यंत कधी आलंच नाही. त्यामुळं आपल्या सिस्टिम ॲडमिन मंडळींना व्हर्च्युअलायझेशन भेटलं ते थेट पीसीच्या घराण्यातून, माऊससकट.

व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. संस्थापक डायेन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे तीन सहकारी. १९९९ मध्ये डेस्कटॉपवर चालणारं वर्कस्टेशन आलं, २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स. इथं एक गंमत आहे, ती जुन्या लोकांच्याही विस्मरणात गेली आहे. सुरुवातीच्या ईएसएक्सचा कारभार चक्क ब्राउझरमधून चालायचा. पत्ता टाकायचा, पान उघडायचं, मशीन चालू-बंद करायची. मशीनचा पडदा बघायला तेवढा वेगळा रिमोट कन्सोल. म्हणजे आज आपण ज्याला 'नवं' म्हणतो तो ब्राउझर पहिल्यापासून होता. मधली बारा-तेरा वर्षं आपण त्याच्यापासून लांब गेलो आणि फिरून परत आलो.

लांब गेलो ते २००३ मध्ये. त्या वर्षी व्हर्च्युअलसेंटर आलं. अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचे, चालू मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं. तेव्हाच्या ब्राउझरला हे पेलणारं नव्हतं. म्हणून विंडोजवर इन्स्टॉल करायचा स्वतंत्र प्रोग्रॅम दिला. २००६ मध्ये त्याचं नाव व्हीआय क्लायंट झालं, २००९ मध्ये व्हीस्फिअर क्लायंट. ॲडमिन लोक त्याला नुसतं 'सी शार्प क्लायंट' म्हणतात, ज्या भाषेत लिहिला तिच्यावरून. काही जण 'जाडा क्लायंट'ही म्हणतात.

याच सुमारास, जुलै २००८ मध्ये, ईएसएक्सआय फुकट मिळायला लागलं. ही तारीख मी माझ्या वहीत लाल पेनानं लिहून ठेवली आहे. मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून अख्खा संच घेतला असेल. आपल्याकडे ज्याच्या हातात एक सर्व्हर आणि तुटपुंजं बजेट, त्याच्यासाठी हे फुकट ईएसएक्सआय आणि हा क्लायंट, एवढंच व्हर्च्युअलायझेशन होतं. वरचं व्हीसेंटर, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारं पैशाचं सॉफ्टवेअर, कशाला घेईल कोण? ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन फायली

जाडा क्लायंट वेगवान होता. उजवं बटण दाबलं की यादी लगेच यायची. पण त्याची एक अट होती : सर्व्हर ज्या आवृत्तीचा, क्लायंटही त्याच आवृत्तीचा हवा. जुन्या क्लायंटनं नव्या सर्व्हरला हाक मारली की तो म्हणायचा, आधी नवा क्लायंट उतरवून घ्या. त्यामुळं एकाच पीसीवर ४.०, ४.१, ५.० असे तीन-तीन क्लायंट शेजारी शेजारी बसलेले असायचे.

सुरुवातीला हा क्लायंट सर्व्हरच्याच पोटात असायचा. सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की तिथूनच डाउनलोड. जुलै २०१० मधल्या ४.१ पासून व्हीएमवेअरनं तो ईएसएक्सआयमधून काढला आणि तिथं स्वतःच्या वेबसाइटची लिंक ठेवली. अमेरिकेत बसून पाहिलं तर ही साधी आवराआवर. पण पुढच्या ५.१ चा क्लायंट साडेतीनशे एमबीच्या आसपास होता, आणि ५१२ केबीपीएसच्या लाइनवर तेवढं उतरायला दीड तास लागतो. तोही लाइन मध्येच तुटली नाही तर. ज्याच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट मुद्दाम दिलेलंच नाही, त्यानं काय करायचं? पेन ड्राइव्ह. मी आजवर ज्या ॲडमिन मंडळींशी बोलले त्यांच्यातल्या जुन्यांकडे क्लायंटच्या इन्स्टॉलरांचा पेन ड्राइव्ह हमखास असतो. पहिल्या-पहिल्यांदा मला ती लोकांची सवय वाटायची. आता मला ते एका धोरणाला दिलेलं उत्तर वाटतं.

आता पहिली फाइल. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं. हौशी लोकांनी ते लगेच टाकलं आणि क्लायंट उघडला तर एरर. सर्व्हरवरची 'क्लायंट्स डॉट एक्सएमएल' नावाची फाइल वाचता येत नाही, असं काहीसं. सर्व्हर ठणठणीत, क्लायंटही तोच. बदलला होता तो खालचा डॉट नेट, मायक्रोसॉफ्टचा. लोकांनी यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. जुन्या एक्सपी किंवा व्हिस्टाच्या पीसीवरून 'सिस्टिम डॉट डीएलएल' ही फाइल उचलायची, क्लायंटच्या फोल्डरमध्ये एक उपफोल्डर करून त्यात ठेवायची, सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवायच्या आणि एका छोट्या बॅच फाइलमधून क्लायंट सुरू करायचा. म्हणजे क्लायंटला फसवायचं, की बाबा तू अजून जुन्याच घरात राहतोयस. पुढं ४.० च्या अपडेट १ मध्ये कंपनीनं हे दुरुस्त केलं.

दुसरी फाइल आठ वर्षांनंतरची, आणि ती येईपर्यंत बरंच काही घडलं.

फ्लॅशची वर्षं

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये ५.१ आलं आणि व्हीएमवेअरनं सांगून टाकलं की यापुढं नव्या सोयी फक्त ब्राउझरमधल्या वेब क्लायंटमध्ये मिळतील. हा वेब क्लायंट ॲडोबीच्या फ्लॅशवर बांधलेला होता. आज हसू येतं, कारण स्टीव्ह जॉब्सनं आयफोनवर फ्लॅश का नको ते २०१० मध्येच जाहीर लिहिलं होतं, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीनं स्वतःच मोबाइलवरचं फ्लॅश थांबवलं होतं. पण त्या काळात बसून विचार केलात तर निर्णय एवढा वेडगळ दिसत नाही. हजारो मशीनची झाडासारखी उलगडणारी यादी, उजव्या बटणाचे मेनू, आलेख, हे सगळं सर्व ब्राउझरांत सारखं दाखवायचं तर तेव्हा फ्लॅशसारखी दुसरी तयार गोष्ट क्वचितच होती. मॅकवाल्यांना क्लायंट नव्हता, त्यांचीही सोय झाली. आणि एकच सोय दोन-दोनदा लिहायची कटकट कंपनीला नको होती. इतिहास लिहिताना शेवट माहीत असणं हा मोठा सापळा असतो. आमच्या गाइड मॅडम प्रत्येक मसुद्यावर पेन्सिलीनं हेच लिहितात.

चूक फ्लॅश निवडण्यात कमी आणि घाई करण्यात जास्त होती, असं माझं मत आहे. वेब क्लायंट संथ होता. क्लिक केलं की गोल चक्र फिरत राहायचं. आणि सगळी कामं त्यात होतही नव्हती : होस्टला पॅच लावायचं अपडेट मॅनेजर २०१५ पर्यंत जुन्याच क्लायंटमधून चालवावं लागायचं. म्हणजे एका कामाला हा, दुसऱ्याला तो. नवं घर अर्धवट बांधून जुन्याचे पत्रे काढायला घेतले, असा प्रकार.

याचा सगळ्यात जास्त फटका कुणाला बसला, ते बघा. सप्टेंबर २०१३ मध्ये ५.५ आलं. त्यात व्हर्च्युअल मशीनचं 'हार्डवेअर' दहाव्या आवृत्तीचं झालं. फुकटचं ईएसएक्सआय वापरणारा आपला माणूस जुन्या क्लायंटमध्ये जायचा, मशीनवर उजवं बटण दाबायचा. तिथं पर्याय दिसायचा, व्हर्च्युअल हार्डवेअर अपग्रेड करा. अपग्रेड म्हणजे चांगलंच असणार, असं समजून तो दाबायचा. मशीन दहाव्या आवृत्तीचं व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनची रॅम वाढवायला गेला की तोच क्लायंट सांगायचा, या आवृत्तीच्या मशीनचं सेटिंग मला बदलता येत नाही, वेब क्लायंट वापरा. वेब क्लायंट कुठं असतो? व्हीसेंटरवर. व्हीसेंटर पैशाचं, आणि त्याच्याकडे ते नाही. आणि हार्डवेअरची आवृत्ती मागं घ्यायचं बटण नाही.

ज्या किल्लीनं कुलूप लावलं तीच किल्ली आता ते उघडत नव्हती.

मशीन बंद पडलं होतं का? अजिबात नाही. हिशेब चालू, पावत्या छापल्या जात होत्या. फक्त मालकाचा हात तिथवर पोचत नव्हता. एका ॲडमिननं मला हे अगदी आपल्या भाषेत सांगितलं : "सर्व्हरला काय धाड भरली न्हवती ओ, आमचीच दारं बंद." मागच्या वाटा होत्या, नाही असं नाही. मशीनची सगळी माहिती एका मजकुराच्या फाइलमध्ये असते, ती हातानं बदलता येते. किंवा जुन्या आवृत्तीचं नवं मशीन बनवून त्याला तीच डिस्क जोडता येते. पण ज्यानं आयुष्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केलेली नाही, त्यानं चालू बँकेच्या मशीनवर हा प्रयोग करायचा म्हणजे छातीच लागते. साधारण वर्षभरानं, सप्टेंबर २०१४ मध्ये, ५.५ च्या अपडेट २ मध्ये कंपनीनं जुन्या क्लायंटला अशा मशीनची सेटिंग बदलायची परवानगी परत दिली. तीही मर्यादित : आठव्या आवृत्तीपर्यंतच्या सोयींपुरतीच.

ही एक वर्षाची फट माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होणार आहे. कारण इथं क्लायंटचं अपग्रेड तांत्रिक बाब राहत नाही. कंपनीनं वापरणाऱ्याचं जे चित्र मनात धरलं होतं, व्हीसेंटर विकत घेतलेला आणि पुरेशी माणसं हाताशी असलेला, त्यात गोकुळ शिरगावच्या युनिटमधला अकाउंट्स बघता बघता सर्व्हरही बघणारा माणूस नव्हताच.

त्याच आवृत्तीत एक छोटा वार आणखी झाला. ५.५ नं एन्क्रिप्शनचे कच्चे प्रकार बंद केले, आणि विंडोज एक्सपीवरचा क्लायंट जोडणीच करेना. सुरक्षेच्या दृष्टीनं हे बरोबर होतं, एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला काढलाच. पण आपल्याकडे तेव्हा किती पीसी एक्सपीवर होते ते तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्यांच्या हातातल्या तारखा

पुढं तारखा भराभर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच व्हीएमवेअरच्या नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये गुगलनं क्रोम ४५ मधून प्लग-इनची जुनी पद्धत काढून टाकली. वेब क्लायंटचं जे प्लग-इन फाइल चढवायला आणि विंडोजच्या नावानं लॉगिन करायला लागायचं, ते त्या पद्धतीवर उभं होतं. मे २०१६ मध्ये जाहीर झालं की सी शार्प क्लायंट पुढच्या आवृत्तीत नसेल. नोव्हेंबरमध्ये ६.५ आलं आणि तो गेला. त्याच वर्षी एचटीएमएल-५ वरचा नवा क्लायंट आधी प्रयोग म्हणून आणि मग ६.५ बरोबर आला, पण अर्धाच. म्हणून एका सर्व्हरला दोन पत्ते : एकावर फ्लॅशवाला, दुसऱ्यावर नवा. जे काम एकात सापडेना ते दुसऱ्यात शोधायचं. एकट्या ईएसएक्सआयवाल्यांना मात्र २०१६ मध्ये चांगली गोष्ट मिळाली : मार्चमध्ये ६.० च्या अपडेट २ पासून सर्व्हरच्या पोटातच ब्राउझरवर चालणारा होस्ट क्लायंट आला. फ्लॅश नाही, डाउनलोड नाही, विंडोजची अट नाही. उशिरा का होईना, गोकुळ शिरगावच्या माणसाची आठवण झाली म्हणायची.

आणि आता ती दुसरी फाइल. ऑक्टोबर २०१७ मध्ये ॲडोबीनं फ्लॅश प्लेअरचं एक नेहमीचं अपडेट काढलं. क्रोमनं ते आपोआप घेतलं. सकाळी येऊन वेब क्लायंट उघडला तर फ्लॅश कोसळतंय. व्हीएमवेअरनं काही बदललं नव्हतं, ॲडमिननंही नाही. मग तोडगा? दुसऱ्या एखाद्या पीसीवर फ्लॅशची जुनी डीएलएल फाइल शिल्लक असेल तर ती आणून नव्याच्या जागी ठेवायची. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टची जुनी फाइल, २०१७ मध्ये ॲडोबीची. क्लायंट पूर्ण बदलला, जाडा गेला, ब्राउझर आला, आणि कामाला आलं ते जुनी फाइल जपून ठेवणंच.

मी जेव्हा म्हणते की उत्तर वाड्यात मिळत नाही, तेव्हा मला हे सुचवायचं असतं. जुडगा घडवणारा लोहार वेगळा, लोखंड देणारा वेगळा, कानस देणारा तिसराच. यातल्या कुणीही आपलं दुकान आवरलं की तुमची किल्ली लागत नाही. ॲडोबीनं जुलै २०१७ मध्ये सांगितलं होतं की फ्लॅश २०२० अखेर संपेल. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनं काहीही चालवायला नकार दिला. तोवर व्हीएमवेअरकडे उत्तर तयार होतं : ऑक्टोबर २०१८ च्या ६.७ अपडेट १ मध्ये एचटीएमएल-५ क्लायंट पूर्ण झाला होता, आणि एप्रिल २०२० च्या ७.० मध्ये फ्लॅशवाला काढूनच टाकला होता.

पण उत्तर कंपनीकडे तयार असणं वेगळं आणि संस्थेकडे असणं वेगळं. इथं एक बदल नीट बघा. जाडा क्लायंट ॲडमिनच्या पीसीवर असायचा. तो बदलायचा तर सर्व्हरला हात लावायची गरज नव्हती. वेब क्लायंट राहतो व्हीसेंटरमध्ये. म्हणजे क्लायंट अपग्रेड करायचा तर व्हीसेंटर अपग्रेड करायचं. व्हीसेंटर पुढं नेलं की खालचे फार जुने होस्ट त्याला जोडता येत नाहीत, ते पुढं न्यायचे. आणि ७.० मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकल्यामुळं काही जुनी नेटवर्क आणि रेड कार्डं ओळखलीच जात नाहीत. म्हणजे ब्राउझरातलं एक प्लग-इन मेलं म्हणून सुस्थितीतला सर्व्हर बदलायची वेळ. संचालक मंडळाच्या बैठकीत हे कसं सांगणार? 'साहेब, सर्व्हर चांगलाय, पण फ्लॅश बंद झालंय, म्हणून पाच-सात लाख द्या.' एखाद्या संचालकानं 'मग फ्लॅश चालू करा की' म्हटलं तर त्याचं तरी काय चुकलं?

काहींनी सर्व्हर बदलले. काहींनी एक जुना लॅपटॉप कपाटात ठेवून दिला, अपडेट बंद करून, नेटपासून तोडून, फक्त त्या एका कामासाठी. अशा लॅपटॉपवर चिकटपट्टी लावून मार्करनं 'फॉरमॅट करू नये' लिहिलेलं असतं. माझ्या दृष्टीनं ते अस्सल ऐतिहासिक साधन आहे.

हात न लावणं महाग पडलं तेव्हा

इथवर वाचून तुमचं मत झालं असेल की जुनंच बरं होतं, कंपन्यांनी उगाच छळलं. ॲडमिन मंडळींच्या गप्पांत हा सूर मी खूप ऐकते आणि मला तो निम्माच पटतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे फ्लॅश संपल्यावर दीडेक महिन्यातच, नव्या एचटीएमएल-५ क्लायंटच्या एका प्लग-इनमध्ये भयानक भोक सापडलं. पासवर्ड नसतानाही बाहेरचा माणूस व्हीसेंटरवर हवं ते चालवू शकत होता. धोक्याचे गुण दहापैकी ९.८. आणि ते प्लग-इन तुम्ही वापरा न वापरा, आत बसलेलंच होतं. मे महिन्यात दुसऱ्या एका प्लग-इनमध्ये तसंच. क्लायंट पीसीवर होता तेव्हा त्यातलं भोक म्हणजे एका पीसीचं भोक. क्लायंट व्हीसेंटरमध्ये गेल्यावर त्यातलं भोक म्हणजे सगळ्या वाड्याचं. तेव्हा 'चालतंय तर हात लावू नका' हे शहाणपण राहिलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या त्रुटीचा संबंध त्याच्याशी लावला गेला तिचा पॅच दोन वर्षं आधीच आलेला होता.

आपल्याकडच्या नागरी बँकांवर दाब आणखी एका बाजूनं आला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याचा व्हर्च्युअलायझेशनशी संबंध नव्हता, पण वातावरण बदललं. १९ ऑक्टोबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांचे चार स्तर करून सविस्तर चौकट. पॅच वेळेवर लावणं, आधार संपलेलं सॉफ्टवेअर न वापरणं हे आता तपासणीचे मुद्दे झाले. कपाटातला तो लॅपटॉप ऑडिटरला दाखवायची सोय उरली नाही.

आणि ब्राउझरचे फायदेही खरेच होते. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर, महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद. सर्व्हर पलीकडे आणि तुम्ही अलीकडे असाल, तर विशिष्ट पीसीवरच उघडणारा क्लायंट काय कामाचा? पुढं टाळेबंदीत तर सगळ्यांनाच ते कळलं.

सगळ्यात ताजं प्रकरण अजून चालूच आहे, म्हणून थोडक्यात. २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद, यापुढं वर्गणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय बंद, ज्याच्या जिवावर आपल्याकडचे कित्येक जण उभे राहिले होते ते. एप्रिल २०२५ मध्ये ते गुपचूप परत आलं, तोवर अनेकांनी प्रॉक्समॉक्ससारखे मुक्त पर्याय बघायला घेतले होते. प्रॉक्समॉक्सचा कारभार २००८ पासून ब्राउझरमधूनच चालतो. पंधरा वर्षं जाड्या क्लायंटच्या मेनूत रुळलेल्या माणसाला आता नवा पडदा शिकायचा आहे, पण तो या वेळी स्वतः निवडतोय, एवढा फरक.

शेवटी, हे मी शोधते कसं ते सांगते, कारण मागच्या लेखाखाली दोघा-तिघांनी विचारलं होतं. कागदोपत्री फार थोडं मिळतं. कंपनीच्या आवृत्त्यांच्या टिपणांत काय बदललं ते असतं, पण कामाला बसलेल्या माणसाला काय दिसत होतं ते नसतं. ते बघायचं तर जुना क्लायंटच चालवावा लागतो. आणि तो चालवायचा कशात? आजच्या लॅपटॉपवर तो धड बसतही नाही. म्हणून मी एका व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी टाकलंय, दुसऱ्यात जुनं विंडोज ७ आणि जुना ब्राउझर. फ्लॅशवाला वेब क्लायंट उघडायचा तर त्या मशीनचं घड्याळ १२ जानेवारी २०२१ च्या मागं नेऊन ठेवते. वाड्यातल्या एका खोलीत २०१३ साल चालू आहे आणि मी तिथं जाऊन नोंदी करते, असं म्हणा हवं तर.

माझ्याकडे सी शार्प क्लायंटच्या आवृत्त्यांत ४.० च्या मूळ इन्स्टॉलरची आणि व्हीआय क्लायंटच्या कुठल्याही इन्स्टॉलरची कमतरता आहे. तुमच्या कपाटात तसा एखादा पेन ड्राइव्ह, सीडी किंवा 'फॉरमॅट करू नये' लिहिलेला लॅपटॉप असेल, तर कृपया भंगारात घालू नका. खाली प्रतिक्रियेत दोन ओळी लिहा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कुठंही असलात तरी मी येऊन कॉपी करून घेईन. त्यावर कुणी काही लिहून चिकटवलं असेल तर त्या चिठ्ठीचा फोटोही मला हवा आहे.